हरकारीचा निरोप

४ जानेवारी

खडू,

नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवतो. फोन घ्यायचा नाही असं ठरवलंयस, ठीक आहे. पण मग तुझ्या नवऱ्याला तरी सांग, दर वेळी "ती जरा पडलीय" हे एकच वाक्य पुरवून पुरवून वापरू नको म्हणावं. माणूस पडून पडून किती पडेल? सकाळी पडलेली, संध्याकाळी पडलेली, रविवारी भर दुपारी पडलेली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरात एवढी पडझड शोभत नाही. आणि त्याचा तो आवाज! खडू कशी आहे? "हं." जेवते ना नीट? "हं." बेडकाला फोन लावल्यासारखं वाटतं.

म्हणून पत्र. कागदाला "हं" म्हणता येत नाही.

काम सांगतो. नकाशा हवा आहे. चौथ्या भागाचा, म्हणजे पश्चिमेचा. तीन पुस्तकं झाली, हरकारी बिचारी तो न वाचायचा निरोप कमरेला बांधून चालतेच आहे, आणि तुझ्या शेवटच्या नकाशात डोंगर संपतात तिथे कागदही संपतो. पुढे काय? समुद्र? वाळवंट? की नुसतीच एक खानावळ? मला काय माहीत! नियम तूच केलास. सहा वर्षांची होतीस, खडू खाऊन तोंड पांढरंफटक केलेलं, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेल्या बेटावर बोट ठेवून मला दरडावलं होतंस, "दादा, मी काढलं नाही ते तू सांगायचं नाही." तेव्हापासून आजतागायत मी एक ओढासुद्धा माझ्या मनाने वाहू दिलेला नाही. इतर लेखक म्हणे स्वतःची जगं उभी करतात. मी आपला तू काढून दिलेल्या गावातला भाडेकरू.

इथलं नेहमीचंच. सकाळी औषधांच्या खोक्यात घालायची पत्रकं तपासतो. "जेवणानंतर"च्या जागी "जेवणाआधी" छापलं गेलं तर कुणाचा तरी जीव जाऊ शकतो, म्हणून मला पगार मिळतो. दुपारनंतर मी लेखक. त्यानंतर मीच प्रकाशक, मीच विक्रेता, आणि सगळ्यात जास्त वेळ मी खोकी बांधणारा. चिकटपट्टी केसांत अडकते ती कापून काढावी लागते. तुझी वहिनी म्हणते, लग्न ठरवताना मुलगा खोकी बांधतो एवढं सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, पण मग खोकी नीट तरी बांधायची. आनंदाची गोष्ट म्हणजे समोरच्या सलूनवाल्याने दुकानाबाहेर बाक टाकलंय. सकाळी त्यावर ऊन येतं. कप घेऊन तिथे बसलो की तो आतून ओरडतो, "लेखक, केस की नुसती बैठक?" मी म्हणतो, नुसती बैठक. या बैठकीवर माझा दिवस निघतो.

छापखानेवाल्याला एप्रिलचा शब्द दिलाय. वाचकांनाही सांगून बसलोय. म्हणजे मान पुरती अडकलीय. रागव, पण नकाशा पाठवून रागव.

दादा


२२ जानेवारी

खडू,

उत्तर नाही. ठीक. मी स्वतः नकाशा काढायला घेतला. तीन संध्याकाळी खपलो. वहिनीने लांबून पाहिलं आणि विचारलं, "अक्कलदाढेचा एक्स-रे कुणाचा?" ती चिडवत नव्हती, खरंच विचारत होती.

आता तू कशावर रागावली असशील याचा मी विचार केलाय, आणि माझ्याकडे तीन कारणं आहेत. पहिलं म्हणजे त्या दिवशीची माझी थट्टा. तिसऱ्या नकाशात तू बिनदारी गाव दोनदा काढलंस. एकदा उसनी नदीच्या वळणावर, आणि पुन्हा वीतभर खाली. तीच घरं, तीच विहीर, तेच नाव. मी विचारलं तर म्हणालीस, "आहेत दोन. तुला काय करायचंय?" मी नियमाचा पक्का. दोन तर दोन. हरकारी सकाळी बिनदारी सोडते, दिवसभर चालते आणि संध्याकाळी पुन्हा बिनदारीतच येते. तिथे सगळे तिला ओळखतात, पण ती अजून यायची आहे असं धरून चालतात. खडू, माझ्या उभ्या आयुष्यात मी यापेक्षा चांगलं काही लिहिलेलं नाही. परवाच एका बसचालक बाईंचं पत्र आलंय. ते प्रकरण त्या डेपोत वाचत बसल्या आणि त्यांची बस सुटायची वेळ होऊन गेली. चालकच गाडीत नाही, बस सुटणार कशी! मी ते पत्र खिशात घेऊन फिरतो.

तर प्रकाशनाच्या दिवशी कुणीतरी विचारलं, हे दोन गावांचं तुम्हाला सुचलं कसं, आणि मी म्हणालो, "बहीण नकाशा काढत होती, तिला मध्येच डुलकी लागली असणार." सगळा हॉल हसला. तूही हसलीस, मी पाहिलं. पण त्यानंतर तू माझ्याशी धड बोललेली नाहीस.

दुसरं कारण, मुखपृष्ठावर तुझं नाव बारीक आलं. ते छापखानेवाल्याचं काम, पुढच्या आवृत्तीत माझ्याएवढं करतो, हवं तर मोठं करतो. तिसरं कारण तुझा नवरा. त्यावर मी काही बोलत नाही. फक्त एवढंच म्हणतो की मला कधी तुझं एक वाक्य तरी तुझ्या तोंडून ऐकू दे.

तिन्हीपैकी जे असेल त्याच्यावर एक खूण करून कागद परत पाठव. लिहायचाही त्रास नको.

दादा


१५ फेब्रुवारी

खडू,

मला लिहिता येत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वहिनीला वाटतं मी दार लावून लिहीत बसतो. मी दार लावून बसतो, एवढं खरं आहे. हरकारी डोंगराच्या शेवटच्या उतारावर एक पाय उचलून उभी आहे. तिला पाय टेकवायला जागा नाही, कारण तू जमीन काढलेली नाहीस. मी टेबलाशी गेलो की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं होतं. उठलो की जातं. म्हणून उठतो, खोकी बांधतो.

कामावर एक चूक निसटली माझ्या हातून. कुणाला काही झालं नाही, पत्रकं खोक्यात पडायच्या आधीच पकडली गेली. साहेबांनी बोलावून चहा पाजला. साहेब कधी कुणाला चहा पाजत नाहीत, तेव्हा समजून जा. बाकी सगळं छान आहे.

बाकी सगळं छान नाही. वाचक विचारतात, निरोपात काय आहे? एक मुलगी विचारते, हरकारीला कुत्रा मिळेल का? मी सगळ्यांना "लवकरच" असं कळवतो. आता या शब्दाचीच मला शिसारी आलीय.

आणि तू! एवढा कसला माज? त्या बेडकाने तुला गिळून टाकलंय का? मला पहिल्यापासून तो पसंत नव्हता. तळमजल्याच्या पलीकडे ज्याची झेप नाही, तो माणूस दिवसभर दुसऱ्यांना वर पाठवत असतो आणि माझ्या बहिणीला खाली घेऊन बसलाय. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. आता खोडत नाही.

ऐक. मी एका चित्रकार मुलीला काम दिलंय. कॉम्प्युटरवर काढते, फार सफाईदार. येत्या आठवड्यात नकाशा येईल. त्यात समुद्र असेल तर समुद्र, वाळवंट असेल तर वाळवंट. तुझ्यावाचून अडलेलं नाही हे तुला कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

दादा


२० फेब्रुवारी

खडू, आणि जावईबापू,

वहिनीने सांगितलं.

तिच्यावर रागावू नको. तू तिला शपथ घातली होतीस आणि तिने ती इतके महिने पाळली. मीच तो विकतचा नकाशा तिच्यासमोर पसरला आणि म्हणालो, बघ, काही अडत नाही कुणावाचून. ती कपडे वाळत घालत होती. ओला टॉवेल हातात तसाच धरून तिने नकाशा पाहिला आणि रडायला लागली. मला वाटलं, एवढा वाईट आहे की काय! मग म्हणाली, "तिला दिसत नाही हो. ज्याच्याकडे बघेल तेच दिसत नाही."

मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. डोळ्याचा पडदा झिजत चाललाय. उपाय नाही. कडेचं सगळं दिसतं, मधोमध धुरकट डाग. माणसाकडे पाहिलं की कान दिसतात, खांदे दिसतात, चेहरा जातो. कागदाकडे पाहिलं की जिथे नजर टाकावी तोच शब्द जातो.

म्हणजे बिनदारी तू काढलीस, आणि काढून झाल्यावर तिच्याकडे पाहिलंस, आणि ती तिथे नव्हती. म्हणून पुन्हा काढलीस. आणि मी विचारायला आलो तेव्हा तुला पहिल्यांदा कळलं की गावं दोन झालीत. "आहेत दोन. तुला काय करायचंय?"

मी भांडणं तयार ठेवली होती, खडू. नावाचं भांडण, थट्टेचं भांडण, जावयाचं भांडण. भांडण असतं तर मी आलो असतो, पाय धरले असते, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि ते मिटलं असतं. आता मी कुणाशी भांडू? पडद्याशी? कालपासून मी घरात नुसता फिरतोय. वस्तूंकडे बघतो आणि त्या जाताहेत असं समजायचा प्रयत्न करतो. किटलीकडे बघतो, वहिनीकडे बघतो. मला ते जमत नाही आणि माझा जीव घाबरा होतो.

आणि मग एकदम डोक्यात आलं. पत्रं! तिला दिसत नाही, तर माझी पत्रं वाचतं कोण?

"तोच वाचून दाखवतो," वहिनी म्हणाली. "मोठ्याने."

"सगळं?"

"एक शब्द गाळायचा नाही असं तिने बजावलंय त्याला."

जावईबापू, तुम्ही आत्ता हेही वाचत असाल, मोठ्याने, तिच्या शेजारी बसून. तुम्ही कामावरून दमून आलात, पाकीट फोडलंत आणि तुम्ही बेडूक आहात हे स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवलंत. तळमजल्याचं वाक्यही वाचलंत. मला कुठे तोंड लपवू असं झालंय. इथे जरा थांबा आणि तिच्याकडे बघा. ती हसत असेल तर माझ्या वतीने तिला एक टपली मारा.

मी काय करू, एवढंच सांगा. काय करू मी?

दादा


६ मार्च

खडू,

काल तू बोललीस. तुझं बोलणं मी जसंच्या तसं लिहून ठेवतोय, कारण मला वाटतं मी ते नीट ऐकलंच नाही.

आधी जावईबापू आले फोनवर. त्यांनी एवढी वाक्यं सलग बोललेली मी प्रथमच ऐकली. "बेडकाचं काही नाही," ते म्हणाले. "आमच्या कामावर याहून वाईट म्हणतात. तळमजल्याचं वाचताना मात्र मला हसू आलं. तिने परत वाचायला लावलं." मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "हं. देतो तिला."

मग तू. "रडू नको," हे तुझं पहिलं वाक्य. मी रडत नव्हतो, तू म्हणालीस म्हणून सुरू झालो.

मी म्हणालो, "तू सांग, मी काढतो. बोटाने दाखव, मी रेघ ओढतो."

"तुझा हात माहितीये मला. एक्स-रे काढशील."

"मग कुणाकडून तरी..."

"नाही. नकाशा संपला, दादा. मी काढलं नाही ते तू सांगायचं नाही, हा नियम माझा ना? मीच मोडला. आता तू सांग. पश्चिमेला काय आहे ते मला ऐकायचं नाही, वाचायचंय. मी स्वतः वाचणार. पत्रं याने वाचली तर चालतात. हरकारी दुसऱ्याच्या आवाजात नको मला. जाड पेनाने मोठं लिहिलं तर अजून लागतं वाचता. कडेने कडेने पकडते एकेक अक्षर."

"किती दिवस?"

"डॉक्टर काही बोलत नाहीत. उन्हाळा निघेल असं मला वाटतं. म्हणून तर फोन घेत नव्हते. तुला कळलं की तू घाईघाईत लिहिशील, रडत रडत लिहिशील आणि पुस्तकाची माती करशील."

"नाही करणार."

"मग लिही. आणि गोड करू नको."

खडू, मी कधीच एवढ्या वेगाने लिहिलेलं नाही. तुला माहीत आहे, एका परिच्छेदाला मला आठवडा लागतो. आणि आता मला तुझ्या डोळ्यांच्या आधी पोचायचंय. आज सकाळी बाकावर बसलो नाही. सलूनवाला ओरडला, मी हात हलवून वर आलो. पहिली आठ पानं सोबत आहेत. छापखान्याचं नंतर बघू. ही प्रत तुझी.

दादा


७ एप्रिल

खडू,

दुसरं आणि तिसरं प्रकरण पाठवतोय. परवा म्हणालीस की खालच्या ओळी वाकड्या होतात आणि एकमेकींत शिरतात, म्हणून आता पानावर चारच ओळी. अक्षर बोटभर उंचीचं. घरात पेनाच्या शाईचा असा वास भरलाय की शेजारच्या बाई विचारून गेल्या, रंगकाम काढलंत का? वहिनी म्हणाली, "हो, नवऱ्याला काढलाय रंगवायला."

एक गंमत सांगतो. अक्षर मोठं झाल्यापासून विशेषणं परवडत नाहीत. "काळाकभिन्न घनदाट गूढ" असं लिहिलं की अर्धं पान गेलं आणि तेवढा तुझा डोळा गेला. म्हणून "रान" लिहितो. वहिनी म्हणते, तुम्ही आधीच असं लिहायला हवं होतं. युद्धाचं तर विचारू नको. वाचकांना दोन वर्षं मी महायुद्धाचं कबूल करत होतो. ते एका पानात उरकलंय. सेनापती मेला हे त्याचं त्यालाही धड कळलं नाही. लोक मला जोड्याने मारतील.

नकाशाबाहेर चालणं सोपं नाही गं. एक शब्द टाकायचा आणि त्यावर पाय ठेवायचा. तो धरतो का बघायचं, मग दुसरा. काल दिवसभरात हरकारी एक टेकडी चढली. बस. मी सुट्टीवर आहे, साहेबांनी स्वतःच घ्यायला सांगितली. काळजी करू नको. छान झोपतो.

झोपत नाही. तुला खोटं सांगून काय उपयोग, वाचणार जावईबापू आणि त्यांचा आवाज खोटं असेल तिथे म्हणे बारीक होतो. तू फोनवर म्हणालीस, "आज दोनच पानं झाली," आणि तेव्हापासून मी तुझी पानं मोजत बसलोय. गेल्या आठवड्यात सहा होत होती. मी कुठे चुकतोय का? शाई फिकी आहे का? कागद पिवळट आणलाय, पांढरा डोळ्यांवर येतो असं तूच म्हणालीस ना?

मी लिहितोय. तू वाच. मध्ये कुणी काही बोलू नका.

दादा


२ मे

खडू,

पेन सोडलं, आता रंगाऱ्याचा ब्रश घेतलाय. पानावर तीन शब्द, कधी दोन. वहिनी कागद दोरीवर वाळत घालते, कपड्यांचे चिमटे लावून. खालून जाणारे येणारे वर बघतात. काल दोरीवर "ती / पुढे / गेली" असं वाळत होतं आणि सलूनवाल्याने वर येऊन विचारलं, "कोण गेलं हो? शेजारच्या आजी का?"

मी हसलो. त्यानंतर आत येऊन मोरीत पाणी सोडून रडलो. तुझी अट मोडली, पण कागदावर काही सांडलेलं नाही.

जावईबापूंनी सांगितलं की एका पानाला आता तुझी सकाळ जाते. दिवा डावीकडे, मग उजवीकडे, मान तिरपी, मग दुसरीकडे तिरपी. डोकं दुखतं. दुपारी काही करत नाहीस, नुसती पडतेस. (आता मला "ती जरा पडलीय" या वाक्याचा अर्थ कळतो. ते मला खोटं बोलत नव्हते.) ते म्हणाले, तिला सांगा थोडं थांबायला. मी सांगणार नाही. खडू, मी वाईट भाऊ असेन, पण थांबू नको. डोळे मिट, पाणी मार, चीड, मला शिव्या दे, पण थांबू नको. मला आता वाचक नकोत, छापखाना नको. तू हे संपवायच्या आत तो डाग मोठा झाला तर मी तीन पुस्तकं कशासाठी लिहिली हेच मला सांगता येणार नाही.

शेवटचं प्रकरण या आठवड्यात येईल. हरकारी किनाऱ्यावर पोचते. समुद्र निघाला पश्चिमेला. माफ कर, मला दुसरं काही सुचलं नाही. तिथे ज्याला निरोप द्यायचा तो पाठमोरा बसलाय. ती कमरेची गाठ सोडते. शेवटच्या कागदावर एकच शब्द असेल, निरोपातला. अख्ख्या कागदावर, जेवढा मोठा मावेल तेवढा. तो मी वहिनीलाही दाखवलेला नाही, स्वतः वाळवला, स्वतः गुंडाळला. तो आधी तू वाचायचा.

दादा


१९ मे

जावईबापू,

हे पत्र तिला वाचून दाखवू नका. म्हणून तर तुमच्या कामाच्या पत्त्यावर पाठवतोय. तुम्ही तिचा एक शब्दही मोडत नाही हे मला माहीत आहे, पण तिने घरी येणाऱ्या पत्रांबद्दल बजावलंय. हे घरी आलेलं नाही.

काल तिचा फोन आला तेव्हा तुम्ही शेजारीच होतात, पण तुम्हाला माझ्याकडचं ऐकू गेलं नसेल. म्हणून सांगतो.

"दादा, वाचलं," ती म्हणाली. आवाज लहानपणी झाडावरून उतरल्यावर असायचा तसा.

"सगळं?"

"शेवटच्या शब्दापर्यंत. मीच. याने नुसता दिवा दाखवला."

"मग?"

"धर," ती म्हणाली.

मला वाटलं, मला ती काहीतरी देतेय. आपण नाही का म्हणत, धर, हे घे. मग मला कळलं की ती वाचून दाखवतेय.

जावईबापू, तुम्ही कागद पाहिलाय. मी "घर" लिहिलं होतं. वीतभर उंच, ठसठशीत. "घ" आणि "ध" यांत फरक तो केवढा, डाव्या टोकाला एक गाठ आणि वरची रेघ तेवढ्यापुरती तुटलेली. आयुष्यभर मी हेच पकडायचे पैसे घेतले. दुसऱ्या कुणाचं असतं तर वाक्य पुरं व्हायच्या आत मी "घ, घ!" असं ओरडलो असतो. माझं तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, "किती बरं केलंस रे! मला धास्ती होती तू 'घर' लिहिशील. एवढं चालवून चालवून शेवटी घर. जो तो तेच लिहितो. पण धर! म्हणजे निरोपात तसं काहीच नव्हतं ना? ज्याच्याकडे पोचायचं त्याने फक्त हात पुढे करायचा. ती एवढी चालत आली ती कुणाच्या तरी हाताला हात लागावा म्हणून. तिला हे आधी कळलं असतं तर ती निघालीच नसती."

मी म्हणालो, "छे! घर कशाला."

मागून तुमचं "हं" ऐकू आलं. कागद तुमच्या समोरच असणार, तरी तुम्ही एवढंच म्हणालात. त्या एका "हं"साठी मी तुम्हाला मागचं सगळं बोलल्याची भरपाई कशी करू ते मला सुचत नाही.

मग ती म्हणाली, आता डोळ्यांना सुट्टी. आता वाचायचं नाही. आता जे यायचं ते येऊ दे. फोन ठेवल्यावर मी खाली बाकावर जाऊन बसलो. तिथे बसलेलो असताना माझ्या ध्यानात आलं की माझ्या बहिणीने आपल्या डोळ्यांनी वाचलेला शेवटचा शब्द मी लिहिलेलाच नाही.

वर आलो आणि शेवटचं प्रकरण मोडलं. सगळं घराकडे चाललं होतं, परतीची वाट, खिडकीतला दिवा, उंबरा. सगळं काढलं. आता हरकारी निरोप उघडते, त्यात "धर" आहे, आणि पाठमोरा बसलेला माणूस वळायच्या आतच ती हात पुढे करते. तो धरतो की नाही ते मी लिहिलेलं नाही. आज छापखान्यात देऊन आलो. छापखानेवाला म्हणाला, "एवढा उशीर का?" मी म्हणालो, एक अक्षर चुकलं होतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तो कागद फाडून टाका. जाळलात तरी चालेल. उद्या कुणी पाहुणा येईल, भिंतीशी गुंडाळी दिसेल, उघडून सहज म्हणेल, "घर. वा, छान." ते होता कामा नये.

आणि अजून एक. ही गोष्ट मला काल फोन ठेवल्यापासून छळतेय. ती मला ओळखते. कागद उघडायच्या आधीच त्यावर काय असणार हे तिने ओळखलं होतं, तसं तिनेच सांगितलं. मग तिने खरंच "धर" वाचलं, की "घर" नीट वाचलं आणि मला सुधारलं? तुम्ही तिच्या शेजारी होतात, दिवा तुमच्या हातात होता, तिचा चेहरा तुम्हाला दिसत होता. तुम्हाला नक्की माहीत असणार.

मला सांगू नका.

तुमचा मेव्हणा